पंखांचे ओझे : ‘सोंग’ नावाच्या कराराचा इतिहास

परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आमच्याकडे स्नेहसंमेलनात ‘विचित्र वेशभूषा’ नावाची एक स्पर्धा असते. झाशीची राणी, भारतमाता, एखादा सैनिक, एखादा वारकरी असा ठरलेला ऐवज त्यात दरवर्षी येतो आणि टाळ्या घेऊन जातो. गेल्या खेपेला मात्र द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने नीलपंख पक्ष्याचे सोंग आणले. आमच्या भागातल्या वाचकांना हा पक्षी सांगायला नको. ज्वारीच्या रानात विजेच्या तारेवर बसलेला असतो तेव्हा तो मातकट, विटकरी, जवळजवळ दुर्लक्ष करण्याजोगा दिसतो. उडाला की गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे असे काही उघडतात, की पाहणारा क्षणभर थांबतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. मुलगी रंगमंचावर पाठ वाकवून, मातकट शाल पांघरल्यासारखी आली, मधोमध थांबली आणि तिने दोन्ही पंख उघडले. सभागृहात आधी शांतता पसरली आणि मग गलका झाला.

परीक्षकांपैकी एकांनी निकालाच्या भाषणात तिचे कौतुक केले आणि पुढे म्हणाले, की हे ‘कॉस्प्ले’ वगैरे पाश्चात्त्य आणि जपानी मुलांचे खेळ आहेत. आपल्या मुलांनी आपल्या परंपरेतले काही आणावे. त्या मुलीने आंतरजालावर कॉस्प्लेची चित्रे पाहिली होती हे खरे. पण ते पंख ज्या रीतीने तिच्या अंगावर बसले होते, ती रीत तिला आंतरजालावर मिळालेली नव्हती. ती कोठून आली हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसले. ‘आपली परंपरा’ म्हणजे नेमके काय, प्राण्यापक्ष्याचे रूप अंगावर घेण्याची आपली रीत कोणती, आणि ती आपल्याला परकी का वाटू लागली, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

सुरुवात शब्दापासून करू. ‘सोंग’ हा शब्द आज आपण प्रामुख्याने निंदेसाठी वापरतो. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, साधुत्वाचे सोंग. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणताना तर सोंग म्हणजे लबाडी हे गृहीतच असते. परंतु हाच शब्द भारुडात, ललितात, बोहाड्यात आणि दशावतारात कोणत्याही कमीपणाशिवाय वावरतो. तेथे सोंग ‘निघते’, सोंग ‘नाचते’, सोंग ‘वठते’. वठणे हे क्रियापद मोलाचे आहे. नाण्यावर छाप वठते तसे सोंग माणसावर वठते. आणि नाणे चालते ते घेणारा आणि देणारा दोघांनी ते मान्य केल्यामुळे.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांचा दृष्टान्त आहे. राजा आणि राणी यांची सोंगे घेणाऱ्यांच्या मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, तरी लोकांसमोर ते ती भूमिका यथास्थित पार पाडतात. ज्ञानी पुरुषाने कर्म तसे करावे, असा त्याचा आशय. अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवून या दृष्टान्ताकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे. 1290 सालच्या श्रोत्याला बहुरूपी समजावून सांगावा लागत नाही, तो परिचित आहे. आणि त्याहून महत्त्वाचे असे, की बहुरूपी फसवतो असे येथे कोठेही सुचवलेले नाही. सोंग घेणाऱ्याला आपण कोण हे ठाऊक आहे, पाहणाऱ्यालाही ते ठाऊक आहे, आणि दोघे मिळून काही काळ दुसरे काही तरी मानायचे ठरवतात. सोंग हा एक करार आहे. ज्ञानेश्वरांनी त्याला गीतार्थाच्या कामी लावले आणि सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी माणसांची सोंगे आणि विंचवासारखे प्राणीही या करारात ओढून घेतले. पैठणहून निघालेली गोदावरी पुढे आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या तालुक्यांतून वाहते. भारुडांचा प्रवासही बराचसा तिच्या काठाकाठाने झाला आहे.

आता माणसाच्या सोंगाकडून प्राण्याच्या सोंगाकडे येऊ, कारण अडचण तेथे सुरू होते. राजाचे सोंग घेताना माणसाला वस्त्र बदलावे लागते. सिंहाचे घेताना शरीरच बदलावे लागते. ते पूर्ण बदलता येत नाही. मुखवटा मानेपाशी संपतो आणि खाली माणसाची छाती, माणसाचे पाय उरतात. हा सांधा लपवायचा की दाखवायचा, हा प्राण्याचे सोंग करणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न होय.

परभणीजवळच्या पोखर्णीचा नृसिंह अनेक कुटुंबांचे कुलदैवत आहे. नृसिंहाच्या कथेत हा सांधाच नायक आहे. हिरण्यकशिपूचा वर असा, की माणसाच्या हातून मरण नको आणि पशूच्याही हातून नको, घरात नको आणि बाहेर नको, दिवसा नको आणि रात्री नको. म्हणून देव धड माणूस नाही आणि धड सिंह नाही असा, उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला प्रकट होतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा भागातील बोहाड्यात नृसिंहाचे सोंग निघते, तेव्हा हेच डोळ्यांसमोर घडते. चैत्र-वैशाखातल्या रात्री, संबळ आणि सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग गावाच्या वाटेने नाचत येते. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. मुखवट्याखाली कोण आहे हे लहान मुलालाही माहीत असते. अमक्याचा बाप आज नृसिंह आहे, हे ठाऊक असूनच हात जोडले जातात. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते आणि उत्सव संपतो. सांधा लपवण्याची गरज कोणालाच वाटत नाही, कारण तो लपला तर नृसिंह उरणार नाही, नुसता सिंह उरेल.

बोहाडा आदिवासी पट्ट्यातला, दशावतार कोकणातला. आमच्या मराठवाड्याचे काय, असे कोणी विचारील. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. त्यामुळे येथल्या सोंगांचा इतिहास शोधायचा तर केवळ पुण्यामुंबईच्या नाट्येतिहासाकडे पाहून भागत नाही, दख्खनकडे पाहावे लागते. जाफर शरीफ या दख्खनी लेखकाने लिहिलेला आणि हर्क्लॉट्स या डॉक्टरने इंग्रजीत आणलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ 1832 साली लंडनमध्ये छापला गेला. त्यात दख्खनच्या मोहरमचे विस्तृत वर्णन आहे आणि मोहरममध्ये नवसाने किंवा हौसेने घेतल्या जाणाऱ्या वेषांची लांबलचक यादी आहे. त्यात वाघ आहे : अंगावर पट्टे रंगवलेला, कापड गुंडाळलेली बांबूची लांब शेपटी लावलेला. आणि त्यात बगळे आहेत. अंगाला राख फासून, डोक्यावर पांढऱ्या कागदाच्या टोप्या घालून दहाबारा जण एकामागे एक धरून बगळ्यांच्या माळेसारखे आवाज करीत चालतात आणि ससाणा बनलेला एक जण त्यांच्यावर झडप घालतो.

हे वर्णन प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो होतो. राख आणि कागद, एवढ्यावर बगळा! पंख नाहीत, चोच नाही. एका माणसाला बगळा होता येत नाही, पण दहा माणसे ओळीने चालली की थवा होतो, हे त्या अनाम मंडळींना उमगलेले होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत मोहरमच्या सवाऱ्यांत हिंदू कुटुंबेही सहभागी होत आली आहेत. सोंगाच्या या करारावर कोण्या एका धर्माची मोहोर नव्हती.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे वाघ आहे, अस्वल आहे, वानर आहे, सिंह आहे. पुराणांत गरुड, जटायू, संपाती असे एकाहून एक पंखधारी आहेत. मग सोंगांत उघडणारे, पसरणारे पंख इतके विरळ का?

मला याचे उत्तर पुराणात नाही तर ओझ्यात दिसते. बहुरूप्याचा सारा संसार झोळीत असतो. हनुमंताची शेपटी गुंडाळता येते, गदा खांद्यावर टाकता येते, मुखवटा कापडात बांधता येतो. पंख घडी घालून झोळीत बसत नाहीत. शिवाय पंख पसरायला जागा लागते. गल्लीबोळांतून नाचत जाणाऱ्या सोंगाला ती मिळत नाही. तिसरे कारण शरीराचे आहे. हात लांब करून टोकाशी लहानसे वजन धरले तरी थोड्याच वेळात खांदा भरून येतो. दोन हात लांबीचा पंख खांद्याला बांधला तर तो तराजूच्या दांडीसारखा माणसाला मागे ओढतो. रात्रभर नाचणाऱ्याला ते परवडणारे नाही.

म्हणून आपल्या परंपरेने पक्षी अंगावर घेतला तो बहुधा दोन मार्गांनी. पहिला मार्ग डोक्याचा. वासुदेवाची मोरपिसांची निमुळती टोपी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तो मोर झालेला नाही, पण पहाटेच्या अंधुक उजेडात दुरून येताना मोराचा काही अंश त्याच्यासोबत चालत येतो. याच मार्गाचे अधिक भव्य रूप गोंडांच्या गुसाडीत दिसते. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका 1956 पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि आदिलाबाद तर गुसाडीचे माहेर. दिवाळीच्या दिवसांत अंगाला राख लावून, शेकडो मोरपिसांचा भव्य मुकुट डोक्यावर घेऊन गुसाडी गावोगाव पाहुणे म्हणून जातात. तो मुकुट त्यांच्या लेखी नुसता शृंगार नाही, पूजेची वस्तू आहे. आदिलाबाद परिसरातल्या मार्लवाई गावचे कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. 2024 साली ते निवर्तले.

दुसरा मार्ग कमरेचा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि त्यापुढच्या पौराणिक नाटकांची एक रीत पडली. सूत्रधाराचे मंगलाचरण, झाडपाला ल्यालेला विदूषक वनचर, गणपती आणि मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती. हा मोर नटाच्या कमरेला बांधलेला असे. दशावताराच्या पूर्वरंगातली सरस्वतीही अशीच येते. गोव्यात डिचोली, सत्तरी भागातल्या शिगम्यात घोडेमोडणी होते, तेथे लाकडी घोड्याचा सांगाडा नाचणाऱ्याच्या कमरेला असतो. प्राण्याचे धड कमरेवर, माणसाचे धड त्याच्या वर. पाय माणसाचे, पण चाल घोड्याची. माणसाच्या देहात ओझे पेलायची जागा खांदा नसून कंबर आहे, हे या सर्व मंडळींना ठाऊक होते. गोव्यातला घोडा आणि सांगलीतला मोर एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांची गाठ एकाच जागी बांधलेली आहे.

आता त्या मुलीच्या पंखांकडे परत येता येईल. तिने पहिली जोडी केली ती पुठ्ठ्याची आणि तारेची. प्रत्येक पंख चार-साडेचार फुटांचा. शाळेच्या दप्तरासारखे पट्टे करून तिने ते खांद्यांना लावले. पाच मिनिटांत मान आखडली आणि पंख मागे लोंबू लागले. परदेशातले हौशी कारागीर असल्या कामाला फोमची पत्रे, ती वाकवायला गरम हवेचे यंत्र आणि आतून प्लास्टिकच्या नळ्या वापरतात. तिच्याजवळ ते नव्हते, आणि पैशाचे सोंग खरोखरच आणता येत नाही. तिच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहतात. उमेदीच्या काळात ते बहुरूपी म्हणून पंचक्रोशी हिंडत. कधी वाघ, कधी हनुमंत, आणि उतारवयात पोलिसाचे सोंग घेऊन, वॉरंट काढल्याची बतावणी करून माणसांना हसवणारे. ती त्यांच्याकडे गेली. त्यांनी पंख हातात घेऊन तोलले आणि म्हणाले, “पोरी, वझं खांद्यावर घिऊ नको. कमरंला बांध. खांद्यानं निस्तं हलवायचं.”

पुढचे दोन आठवडे ते काम मी पाहत होतो. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या. पाठीच्या कण्याला समांतर अशी एक उभी चौकट केली आणि ती बाजेच्या नवारीच्या रुंद पट्टीने कमरेला आवळली. खांद्यावरून गेलेले पट्टे केवळ चौकट पुढेमागे झुकू नये म्हणून. पंखांच्या बिजागरीशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे लावले, म्हणजे दोरी ओढली की पंख उघडतात आणि सैल सोडली की आपोआप मिटतात. कामट्यांवर जाडी आणण्यासाठी ज्वारीच्या वाळल्या धाटाचा गाभा लावला. आमच्याकडची मुले याच गाभ्याच्या गाड्या आणि चष्मे करीत मोठी झाली आहेत. त्याच्याइतके हलके आणि फुकट दुसरे काही मिळत नाही. मोराच्या गळालेल्या पिसांचा विचार झाला होता, पण तिला निळा रंग नीलपंखाचाच हवा होता आणि खऱ्या पक्ष्याच्या पिसाला हात लावायचा नव्हता. मग मक्याच्या कणसाची साल भिजवून, रंगवून, जाड पुस्तकांत दाबून तिची पिसे कातरली. आजोबांनी सांगितले, की पिसे कौलांसारखी लाव, खालच्या ओळीपासून वर; म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची गाठ झाकते. चिकटवायला चिंचोक्यांची खळ, आणि तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पूर्वी पुस्तके बांधणारेही खळीत मोरचूद घालीत.

हे तपशील मी मुद्दाम देतो आहे. वाङ्मयाचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपण सोंगाचा विचार करतो तेव्हा संहितेचा करतो, फार तर आविष्काराचा करतो. सोंग बांधण्याचे ज्ञान मात्र आपल्या नोंदीत येत नाही. भारुडाची पाठ्यपुस्तके आहेत. भारुडातला वेष कसा बांधावा याचे पाठ्यपुस्तक नाही. ते ज्ञान बुरूड, जिनगर, बहुरूपी यांच्या हातांत राहिले, आणि ते हात आपल्या वाङ्मयेतिहासाच्या बाहेर राहिले.

हा केवळ आपलाच दोष आहे असेही नाही. कॉस्प्लेच्या इतिहासात 1939 सालच्या न्यूयॉर्कमधल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्याचा उल्लेख हमखास येतो. तेथे फॉरेस्ट अकरमन हा तरुण भविष्यकाळातला पोशाख घालून गेला आणि प्रसिद्ध झाला. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लस या त्याच्या मैत्रिणीने, आणि तीही आपण शिवलेला पोशाख घालून त्याच्याबरोबर होती. पुष्कळ वर्षे नाव त्याचे झाले. तिच्याकडे लक्ष गेले ते फार उशिरा. ‘कॉस्प्ले’ हा शब्द त्यानंतर चारेक दशकांनी, 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात, नोबुयुकी ताकाहाशी या जपानी पत्रकाराने रूढ केला. भारतात 2011 साली दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झाले आणि नंतर मुंबई-पुण्याच्या मुलांना हा शब्द सवयीचा झाला. या नव्या खेळात एक गोष्ट मला आवडते. तेथे वेष स्वतः बांधण्याला मान आहे. पाहणारे विचारतात, कसे केले? आणि करणारा उत्साहाने सांगतो. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा पट दादासाहेब फाळक्यांनी 1917 साली काढला होता. त्याच साली त्यांच्या ‘लंकादहना’तला हनुमंत लोक पाहत होते. जादू उघड केल्याने जादू मरत नाही, हा विश्वास त्यामागे होता. सोंगाच्या करारातही तोच विश्वास आहे.

मग परीक्षकांना ते सोंग परके का वाटले? मला वाटते, करार मोडला आहे म्हणून. आणि तो एका बाजूनेच मोडला आहे.

ज्यांच्या हाती ही विद्या होती ते बहुरूपी आणि वासुदेव आज शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. 1959 साली मुंबई राज्यात भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या व्याख्येनुसार सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा मिषाने दान मागणे वा घेणे हीसुद्धा भीकच ठरते. व्याख्येतला ‘मिष’ हा भाव पाहण्यासारखा आहे. गाणे हे गाणे नाही, खेळ हा खेळ नाही. ते भीक मागण्याचे निमित्त आहे. म्हणजे सोंगाचा जो निंदार्थ आपण बोलीत वापरत होतो, तोच कायद्याच्या भाषेत जाऊन बसला. ज्याला गाव बिदागी देत होते त्याला आता कायदा भीक म्हणू लागला. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांच्या समाजाचा पिढीजात क्रम होता. ते कोणते सोंग घेऊन गेले नव्हते. पण दारात आलेला अनोळखी भटका कोण, हे ओळखण्याची गावाची जी जुनी भाषा होती, ती त्या दिवशी तेथे कोणालाच आठवली नाही. बहिर्जी नाईकांच्या वेषांतराच्या कथा अभिमानाने सांगणारा समाज वेष धारण करणाऱ्या जिवंत माणसाकडे मात्र संशयाने पाहतो, हा विरोधाभास आपण आपल्या वर्गांत कधी चर्चेला घेतला आहे काय?

स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या मुलीने आजोबांना कार्यक्रमाला बोलावले होते. ते धुतलेले धोतर नेसून, खांद्यावर जुनी झोळी घेऊन आले. दारावरच्या माणसाने त्यांना आत सोडले नाही. काय समजून सोडले नाही हे वेगळे सांगायला नको. मला हे कळले तेव्हा निकाल लागून गेला होता. त्या दिवशी दाराशी कोणी असावे हे मला सुचायला हवे होते. त्यांच्याकडूनच पंख बांधायला शिकलेली मुलगी आत टाळ्या घेत होती, आणि परंपरेचे काही आणा असे आत सांगितले जात असताना परंपरा बाहेर फाटकाजवळ लिंबाखाली बसलेली होती.

मुलगी पंखांसह बाहेर आली. संध्याकाळ होत आली होती. ती त्यांच्यापुढे उभी राहिली, आधी मिटलेली, मातकट, आणि मग तिने दोरी ओढली. ते काही बोलले नाहीत. उठून तिच्याभोवती एक फेरी मारली, कमरेची गाठ चाचपून पाहिली, डाव्या पंखाची एक कामटी किंचित सरळ केली. मग कनवटीचे दहा रुपये काढून तिच्या तळहातावर ठेवले. ती नको म्हणू लागली. “ठिव,” ते म्हणाले. “सोंग वठलं का देणं लागतंय.”

ती नोट मुलीने अजून मोडलेली नाही. मी मात्र त्या दिवसापासून ‘सोंग’ हा शब्द वर्गात निंदार्थाने वापरायचे सोडून दिले आहे. यंदा भारूड शिकवताना आजोबांना वर्गात बोलावायचे असे आम्ही ठरवले आहे. पाहुणे म्हणून, रीतसर मानधन देऊन. या वेळी त्यांना आणायला फाटकाशी मी स्वतः उभा राहणार आहे.